व्हॅलिडेटर ‘चूक नाही’ म्हणतो, तरी पुस्तक सापडत नाही: मराठी मार्क नोंदी कशा तपासायच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावचं ‘अ’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय काही वर्षांपूर्वी जुन्या सॉफ्टवेअरमधून कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरमध्ये आलं. आता सगळ्या मार्क नोंदी, म्हणजे पुस्तकांची माहिती क्रमांकित फील्डमध्ये मांडलेल्या नोंदी, मार्कएडिट या संपादन-साधनात उघडून त्यातला व्हॅलिडेटर, म्हणजे तपासनीस, चालवला, आलेल्या तक्रारी दुरुस्त केल्या आणि अहवाल स्वच्छ येऊ लागला. तरीही कपाटात असलेली पुस्तकं वाचकांना ओपॅकवर, म्हणजे ऑनलाइन सूचीत, सापडत नाहीत. मग व्हॅलिडेटरने तपासलं तरी काय, आणि पुढे काय तपासायचं?

व्हॅलिडेटर नोंदीची घडण तपासतो. मजकूर खरा आहे का, याच्याशी त्याचा संबंध नाही. मार्कएडिटसोबत नियमांची एक साधी मजकूर-फाइल येते. कोणता टॅग (फील्डचा तीन आकडी क्रमांक) एकदाच यावा, कोणता कितीही वेळा चालेल, टॅगनंतरच्या कोणत्या इंडिकेटरला (खुणेच्या आकड्याला) कोणती किंमत चालते, कोणती सबफील्ड ($ए, $बी असे फील्डचे पोटभाग) अस्तित्वातच नाहीत, हे तिच्यात लिहिलेलं असतं. त्या फाइलशी नोंद ताडून पाहायची, एवढंच तो करतो. म्हणून शीर्षकाचा टॅग २४५ दोनदा आला तर तो ओरडेल. पण मराठी कादंबरीच्या नोंदीत भाषेचा कोड मल्याळमचा पडला असेल तर गप्प बसेल. मल्याळमचा कोडही वैधच आहे ना! तुमचा अहवाल स्वच्छ आला याचा अर्थ फाइल वाचता येण्याजोगी आहे. तेही महत्त्वाचंच, पण पुस्तकं हरवतात ती याच्या पुढच्या टप्प्यावर.

पुढच्या टप्प्यासाठी माझी पद्धत एकच आहे आणि ती मराठी नोंदींना फार लागू पडते. मार्कमध्ये एकच गोष्ट बहुधा दोन ठिकाणी सांगितलेली असते: एकदा माणसाने वाचायला, एकदा यंत्राने वाचायला. प्रकाशनवर्ष २६४$सी (२६४ चं सी सबफील्ड) मध्ये असतं आणि ००८ या चाळीस जागांच्या कोड-फील्डमध्येही. भाषा ००८ मध्ये असते आणि २४५ च्या लिपीतूनही दिसते. कादंबरी की कविता, हे वर्गांकात असतं आणि ००८ मध्येही. या दोन ठिकाणची माहिती जुळत नसेल, तर दोन्हीपैकी एक बहुधा चुकलेलं आहे. व्हॅलिडेटर एका वेळी एकच फील्ड पाहतो, जोड्या पाहत नाही. जोड्या आपण पाहायच्या.

त्यासाठी मार्कएडिटमधून निवडक फील्ड टॅबने विभागलेल्या फाइलमध्ये काढायची आणि ती लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडायची. किमान एवढे रकाने घ्या: कोहाचा बिब्लिओ क्रमांक (९९९$सी), संपूर्ण ००८, ०२०$ए (आयएसबीएन), ०४१ (भाषा), ०८२$ए (वर्गांक), १००$ए (लेखक), २४५ चे इंडिकेटर, ए (शीर्षक) आणि सी (लेखक-अनुवादकांचा उल्लेख) सबफील्ड, आणि २६० किंवा २६४ चं सी (प्रकाशनवर्ष). उघडताना यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) निवडा आणि सगळे रकाने ‘मजकूर’ म्हणून घ्या. नाहीतर तेरा आकडी आयएसबीएनचं वैज्ञानिक पद्धतीत रूपांतर होऊ शकतं आणि पुढची सगळी तपासणी वाया जाते. ००८ मधला भाषेचा कोड ३५ ते ३७ या जागांवर असतो, पण मार्कमध्ये मोजणी शून्यापासून होते आणि स्प्रेडशीटमध्ये एकपासून. म्हणून सूत्रात ३६ व्या अक्षरापासून तीन अक्षरं घ्यायची. वर्ष मार्कच्या हिशेबाने ०७ ते १० वर, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये आठव्या अक्षरापासून चार.

आता जोड्या. पहिली भाषा आणि लिपी यांची. ००८ मध्ये ‘एमएआर’ (मराठीचा कोड) आहे पण २४५$ए मध्ये देवनागरी पट्ट्यातलं, म्हणजे युनिकोडच्या ०९०० ते ०९७एफ यांमधलं, एकही अक्षर नाही, अशा नोंदी वेगळ्या काढा. यात दोन प्रकार सापडतील. काही रोमन लिप्यंतर केलेल्या असतील, म्हणजे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून झेड ३९.५० या नोंदी-देवाणघेवाणीच्या पद्धतीने उतरवून घेतलेल्या. त्या संस्थेचं दिल्लीतलं कार्यालय १९६२ पासून दक्षिण आशियातली पुस्तकं मिळवत आलं आहे आणि तिच्या मराठी नोंदी मुख्यतः रोमन लिप्यंतरात असतात. त्या लिप्यंतरात ‘शिरवाडकर’च्या शेवटी एक ‘ए’ येतो, मधले ‘अ’सुद्धा लिहिले जातात, डोक्यावर-पायाशी खुणा येतात. आपला वाचक तसं कधीच टाइप करत नाही. अशा नोंदीला ८८० (दुसऱ्या लिपीतल्या रूपाचं फील्ड) मध्ये देवनागरी शीर्षक जोडा, किंवा थेट २४५ देवनागरीत घेऊन रोमन रूप २४६ (पर्यायी शीर्षक) मध्ये टाका. दोन्ही चालतं, पण वाचनालयभर एकच रीत ठेवा. ८८० घेतलंत तर दोन्हीकडच्या सबफील्ड ६ मधले जोडक्रमांक एकमेकांशी जुळतात ना, तेही पाहा.

दुसरा प्रकार जास्त जिव्हारी लागणारा. २४५ मध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा अर्थहीन गुंता दिसतो. युनिकोडपूर्वीच्या काळात श्रीलिपी किंवा तत्सम फाँटमध्ये मराठी टंकलं जायचं. पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत साठायची ती रोमन अक्षरांची जागा. फाँट गेला की मराठीही गेलं. स्थलांतराच्या वेळी यातल्या बहुतेक नोंदी रूपांतरित होतात, पण एखादा वेगळा फाँट वापरलेला गठ्ठा तसाच मागे राहतो. व्हॅलिडेटरला त्यात काहीच वावगं दिसत नाही. या नोंदी हाताने सुधारायच्या नाहीत. फाँट ओळखायचा, त्याचा कन्व्हर्टर मिळवायचा आणि तो फक्त त्या गठ्ठ्यावर चालवायचा. कन्व्हर्टर साऱ्या फाइलवर चालवलात तर इंग्रजी पुस्तकांची शीर्षकंही मराठी अक्षरांच्या कचऱ्यात बदलतील.

उलटी जोडीही पाहा: शीर्षक देवनागरीत, पण कोड इंग्रजीचा. साचा, म्हणजे आधीच भरलेला नमुना, इंग्रजी पुस्तकाचा घेतला आणि ००८ बदलायचं राहिलं, की हे होतं. मात्र इथे सरसकट ‘एमएआर’ करून टाकू नका. देवनागरी म्हणजे मराठीच असं नाही. हिंदी आणि संस्कृत तर आहेतच. गोव्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या वाचनालयांत देवनागरी कोंकणी पुस्तकंही असतात, आणि त्यांचा कोड ‘केओके’ आहे. कोंकणी पुस्तक मराठी म्हणून नोंदलं गेलं तर भाषेच्या गाळणीतून ते कायमचं निसटतं. कोंकणी वाचणाऱ्यासाठी ती साधी कारकुनी चूक राहत नाही.

दुसरी जोडी वर्षांची. जुनी मराठी पुस्तकं शके छापतात. २६४$सी मध्ये ‘शके १८२०’ असं जसंच्या तसं उतरवणं बरोबरच आहे. पण ००८ मध्ये इसवी सन हवा: शकात ७८ मिळवायचे, म्हणजे १८९८. (जानेवारी ते चैत्रारंभ या काळात छापलं असेल तर ७९.) अनेक नोंदींत ००८ मध्येही थेट १८२० असतं. व्हॅलिडेटरच्या दृष्टीने ते चार आकडी, वैध वर्ष आहे. म्हणून २६४$सी मध्ये ‘शके’ शब्द आहे आणि ००८ चं वर्ष त्याच आकड्याएवढं आहे, अशा ओळी गाळून काढा. याच रकान्यात ००८ चं वर्ष १८०५ च्या आधीचं असलेल्या मराठी नोंदीही बघून घ्या. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण श्रीरामपूरला १८०५ मध्ये छापलं गेलं. त्याआधीचं छापील मराठी म्हणजे मुख्यतः गोव्यातलं रोमन लिपीतलं साहित्य, १६१६ मध्ये राशोलला छापलेल्या क्रिस्तपुराणासारखं. तालुक्याच्या वाचनालयात मूळ आवृत्ती असायची शक्यता जवळपास नाही, तेव्हा असं वर्ष दिसलं की मुखपृष्ठ उघडून पाहायचं.

वर्षांत अजून एक गोष्ट लपलेली असते, ती आकड्यांच्या लिपीची. २६४ मध्ये ‘१९८७’ मराठी आकड्यांत असणं योग्यच, पुस्तकावर तसंच छापलेलं असतं. ००८ मध्ये मात्र इंग्रजी (0 ते 9) आकडेच हवेत. कळफलक मराठीवर असताना ००८ भरलं गेलं, की तिथे मराठी आकडे बसतात. अक्षरं मोजली तर चाळीसच भरतात. पण यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी आकडा एक बाइट घेतो आणि देवनागरी आकडा तीन. चार आकड्यांमागे आठ बाइट वाढतात आणि ४० बाइटचं फील्ड ४८ चं होतं. जी प्रणाली बाइट मोजून ३५ व्या जागेवरची भाषा उचलते, तिला तिथे भाषा सापडतच नाही. हे शोधताना एक काळजी घ्या. मार्कएडिटमधलं रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुना देऊन शोधायची भाषा) मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट पद्धतीचं आहे. त्यात ‘कोणताही आकडा’ या अर्थाची बॅकस्लॅश-डी ही खूण देवनागरी आकड्यांनाही आकडाच मानते. म्हणून तपासताना ती न वापरता चौकटी कंसात शून्य ते नऊ अशी इंग्रजी आकड्यांची मर्यादा स्पष्ट लिहा.

तीन बाइटचा हा हिशेब आणखी एका ठिकाणी नडतो. मार्कच्या डिरेक्टरीत (नोंदीच्या सुरुवातीच्या फील्डसूचीत) प्रत्येक फील्डच्या लांबीला चारच आकडे दिलेले आहेत, म्हणजे कमाल ९,९९९ बाइट. इंग्रजीत तेवढ्यात दीड हजार शब्दांचा सारांश मावेल. देवनागरीत साधारण ३,३०० अक्षरचिन्हं, तीही काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या धरून. ५२० (सारांश) मध्ये प्रस्तावनाच चिकटवायची हौस असेल तर ती आवरा.

तिसरी जोडी २४५ च्या दुसऱ्या इंडिकेटरची. लावणीक्रमात सुरुवातीची किती अक्षरं सोडायची, ते हा इंडिकेटर सांगतो. इंग्रजी ‘द’ आणि त्यानंतरची मोकळी जागा धरून चार होतात, म्हणून इंग्रजी साच्यात तिथे ४ असतो. मराठीत असं उपपद नाही. देवनागरी अक्षराने सुरू होणाऱ्या प्रत्येक मराठी शीर्षकाला तिथे ० च हवं. तिथे ४ राहिला की ‘पाणीपुरवठा’ हे शीर्षक प, काना, ण, वेलांटी अशी चार चिन्हं सोडून ‘पुरवठा’ म्हणून लावलं जातं. ही दुरुस्ती बिनधोक घाऊक करता येते, कारण उत्तर एकच आहे.

बाकीच्या जोड्या भराभर सांगतो. वर्गांक ८९१.४६३, म्हणजे मराठी कथा-कादंबरी, आणि ००८ च्या ३३ व्या जागी शून्य, म्हणजे ललित नाही: साच्यातून राहिलेली चूक. आयएसबीएन ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो, पण प्रकाशनाचा देश अमेरिका किंवा इंग्लंड: बहुधा साच्याचाच दोष. २४५$सी मध्ये ‘अनुवाद’, ‘अनु.’, ‘भाषांतर’, ‘रूपांतर’ यांपैकी काही आहे, पण ०४१$एच मध्ये मूळ भाषा नाही आणि अनुवादकाला ७०० (इतर नावांचं फील्ड) नाही: अशा नोंदी आवर्जून काढा. मराठीत अनुवादकाच्या नावावर पुस्तक शोधणारे वाचक खूप आहेत.

आयएसबीएनबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. मार्कएडिटमध्ये तपासणी-अंक बरोबर आहे का हे पाहायची सोय आहे. ती जरूर वापरा. चुकलेला आकडा खुद्द पुस्तकावरच तसा छापला असेल तर तो पुसू नका, ०२० च्या झेड सबफील्डमध्ये हलवा. पण आकडा बरोबर असला तरी तो एकाच पुस्तकाचा असेलच असं नाही. एकच आयएसबीएन दोन पुस्तकांवर किंवा संचाच्या सगळ्या खंडांवर छापलेला आढळतो. म्हणून केवळ आयएसबीएन जुळला की दुबार समजून नोंदी एकत्र करणारा नियम मराठी संग्रहावर कधीही चालवू नका. आयएसबीएन, शीर्षक आणि वर्ष तिन्ही जुळले तरच, आणि तेही यादी डोळ्यांखालून घालून.

आता तुमच्या मूळ तक्रारीच्या गाभ्याकडे येतो: शब्द डोळ्यांना सारखा दिसतो, पण यंत्राला वेगळा असतो. माझ्या मते मराठी ओपॅकमध्ये पुस्तकं हरवण्याचं हेच मोठं कारण आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो: एक, नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असलेल्या ऱ ला हलंत आणि य जोडून, दोन, साधा र, हलंत, मग अदृश्य जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात. युनिकोडचं प्रमाणीकरण या दोघांना एक करत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ते समतुल्य नाहीत. ‘ॲ’चंही तेच. या अक्षराला स्वतःची जागा युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली मिळाली. त्याआधीच्या नोंदींत अ आणि अर्धचंद्र वेगवेगळे टंकलेले असतात, कधी मध्ये अदृश्य जोडचिन्हासह. शिवाय फाँट-कन्व्हर्टरमधून आलेल्या नोंदींत ‘आ’च्या जागी अ आणि काना, ‘ओ’च्या जागी अ आणि त्यावर ओकाराची खूण असे सुटे तुकडे मिळतात. मार्कएडिटच्या सेटिंग्जमध्ये युनिकोड प्रमाणीकरणाचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. नुक्त्याची काही अक्षरं त्याने एकसारखी होतील, पण वरचं काहीही होणार नाही. त्यासाठी शोधा-बदला यांची स्वतःची यादी करावी लागते आणि ती टास्क म्हणून साठवून ठेवता येते. कोणतं रूप प्रमाण मानायचं ते आधी ठरवा. मी नुक्त्याचा ऱ आणि एकसंध ॲ घेतो, कारण त्यांत अदृश्य चिन्ह लागत नाही. अदृश्य चिन्हं मात्र सरसकट उडवू नका. काही शब्दांत अर्धं अक्षर नीट दिसण्यासाठी ती मुद्दाम घातलेली असतात. र-हलंतानंतरचं चिन्ह उडवलंत, तर ऱ्य जाऊन रफार येतो आणि शब्द चुकीचा होतो.

विसर्गाचा घोळ याहून वाईट. ‘दुःख’ लिहिताना विसर्गाऐवजी कळफलकावरचं अपूर्णविरामाचं चिन्ह, म्हणजे दोन टिंबं, सर्रास टंकलं जातं. शोधात तो शब्द तुटतो, हे एक. तालिकीकरणात तेच चिन्ह शीर्षक आणि उपशीर्षक यांच्या मध्ये येतं, हे दुसरं. स्थलांतराच्या वेळी कोणी ‘दोन टिंबांनंतरचं सारं उपशीर्षक’ असा नियम लावला, की ‘दु’ हे शीर्षक होतं आणि ‘ख’पासून पुढचं सगळं २४५$बी मध्ये जातं. शोधायला सोपं आहे: २४५$ए एक-दोन अक्षरांचं आहे अशा सगळ्या नोंदी काढा. आणि दोन देवनागरी चिन्हांच्या मध्ये, मोकळ्या जागेशिवाय दोन टिंबं आली असतील, तर तिथे जवळपास नेहमीच विसर्ग हवा असतो. ‘नेहमीच’ नाही म्हणून यादी आधी वाचा, मग बदला.

लेखकांच्या नावांना यंत्र फार कमी मदत करतं. ‘वि.वा.’ आणि ‘वि. वा.’ यांतला मोकळ्या जागेचा फरक रेग्युलर एक्स्प्रेशनने मिटवता येतो. मार्कएडिट ७ मध्ये सारख्या दिसणाऱ्या नोंदींचे गट करण्याची सोय आहे, तिने आडनाव आधी-नंतर आणि ऱ्हस्व-दीर्घ यांतले घोळ बरेच समोर येतात. पण कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही एकच व्यक्ती आहे, हे कोणत्याही साधनाला अक्षरांवरून कळणार नाही. ते ग्रंथपालालाच माहीत असतं आणि अधिकृत नोंद (नावाचं प्रमाण रूप ठरवणारी वेगळी नोंद) करून, तिच्यात ४०० किंवा ५०० चा दुवा देऊनच सांगावं लागतं. मथळे (लेखक-विषयांची प्रमाण नावं) ताडून पाहायचं मार्कएडिटमधलं साधन लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीशी जुळवतं. तिथले मुख्य मथळे रोमन लिपीत असल्याने आपल्या देवनागरी १०० साठी त्याचा उपयोग नाही. त्यात वेळ घालवू नका.

दुरुस्ती करताना काय पाळायचं? ज्याचं उत्तर एकच आहे ते घाऊक करा: इंडिकेटर, सुटे अ आणि काना, ००८ मधले मराठी आकडे. ज्याचं उत्तर पुस्तकातच आहे, म्हणजे वर्ष, आवृत्ती, अनुवादकाचं नाव, त्याची छापील यादी करा आणि दाखल क्रमांक घेऊन कपाटाशी जा. पडद्यावर बसून वर्षाचा अंदाज बांधायचा नाही. चुकीचं वर्ष रिकाम्या जागेपेक्षा वाईट, कारण पुढे कोणी ते तपासत नाही.

एमआरके फाइलमध्ये (मार्कएडिटमधलं नोंदींचं मजकूर-रूप) टॅग आणि इंडिकेटर यांच्यामध्ये दोन मोकळ्या जागा असतात आणि त्या तशाच राहायला हव्यात. ‘दोन स्पेसचा एक स्पेस’ ही स्वच्छता संपूर्ण फाइलवर चालवली तर प्रत्येक ओळ मोडते; ती फक्त सबफील्डच्या मजकुरावर चालवा. किमतीत डॉलरचं चिन्ह हाताने टंकू नका, ते सबफील्डची सुरुवात समजलं जातं. त्याच्यासाठी महिरपी कंसातली वेगळी खूण आहे. ९९९$सी ला हात लावू नका, परत आयात करताना नोंद ओळखायची ती त्यावरूनच. कोहातून नोंदी काढताना प्रतींची माहिती, म्हणजे ९५२, वगळा आणि आयात करताना प्रतींकडे दुर्लक्ष करण्याचा पर्याय निवडा. नाहीतर प्रती दुबार नोंदल्या जाण्याचा धोका असतो आणि साठा-पडताळणीत ते निस्तरताना दमछाक होते. आधी थोड्या नोंदींचा गठ्ठा आयात करून ओपॅकमध्ये उघडून पाहा. आयात मागे घ्यायची सोय कोहात आहे, पण भिस्त स्वतः घेतलेल्या बॅकअपवरच ठेवा.

आयात झाल्यावर शोधाची अनुक्रमणिका पुन्हा बांधून घ्या. झेब्रा हे शोध-इंजिन वापरत असाल तर ती आयसीयू (युनिकोड समजणाऱ्या) पद्धतीने बांधली जाते ना, हे ज्यांच्याकडे सर्व्हर आहे त्यांना विचारा. ती जुन्या पद्धतीने होत असेल तर नोंदी शुद्ध असूनही देवनागरी शब्द नीट तुटत नाहीत आणि शोध अपुरा येतो. मग वाचकांनी ‘सापडत नाही’ म्हणून सांगितलेली शीर्षकं एकेक करून शोधा. जे अजूनही सापडत नाही, त्याची नोंद एमआरके रूपात उघडा आणि शीर्षकातली अक्षरं युनिकोडच्या क्रमांकांनी तपासा. यादीत नसलेला टंकनाचा आणखी एखादा प्रकार तिथेच मिळेल. तो टास्कमध्ये घाला.

हे सगळं एकदा पार पडलं की दर महिन्याला फक्त नव्या नोंदी घ्या. ००८ च्या पहिल्या सहा जागांवर नोंद केल्याची तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने असते. साचा वापरताना तीही जुनीच राहत असेल, तर कोहातल्या निर्मितीच्या तारखेवरून नोंदी काढा आणि साचा त्याच दिवशी दुरुस्त करा.